वारा मोठा की पाणी

मॉरिशसचं मुख्य बेट मुंबईच्या तिप्पट, जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटरचं. नोव्हेंबर ते मे या महिन्यांत हिंदी महासागरात चक्रीवादळ उठलं की ते या ठिपक्यावर येणार की बाजूनं निघून जाणार, हे शेवटच्या दिवसापर्यंत सांगता येत नाही. त्यामुळे वादळाबद्दल मत नसलेला माणूस इथे सापडणं कठीण. ज्या दोघांचं बोलणं मी पुढे देतो आहे त्यांची मतं मात्र इतकी ठाम आहेत की मला मध्ये फारसं बोलू दिलं गेलं नाही.

एक आहेत निवृत्त मराठी शिक्षक. वाक्वा गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्यांचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यावर आले. घरात क्रिओल चालते. त्यांची मराठी शाळेत शिकलेली आणि शाळेत शिकवलेली, म्हणून ती तुमच्या-माझ्यापेक्षा नेटकी आहे. १९६० साली ते नऊ वर्षांचे होते. दुसरी सांगलीची मुलगी, पाण्याच्या निचऱ्याची कामं करणारी इंजिनीअर, नोकरीनिमित्त बेटावर राहते. २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेलेली तिनं पाहिली आहे. एकाच्या मनात वारा बसलाय, दुसरीच्या मनात पाणी. भांडण तिथूनच.

गुरुजी : सिमेंटचं वेड लागलंय म्हणतेस ना आम्हाला? लागलंय. कशानं ते ऐक. आमचं घर पाचटानं शाकारलेलं होतं, क्रिओलमध्ये ‘लाकाज लापाय’ म्हणतात तसलं. साठ सालच्या जानेवारीत अलिक्स वादळ आलं आणि निम्मं छप्पर घेऊन गेलं. वडिलांनी ते पुन्हा शाकारलं, वरून दोर टाकून चार खुंटांना आवळलं. फेब्रुवारीच्या शेवटी कॅरोल आलं. ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर झोत. नंतर जाऊन बघतो तर खुंट जागेवर, मधलं घर नाही.

इंजिनीअर : तुम्ही सगळे कुठे होता?

गुरुजी : साखर कारखान्याच्या दगडी गोदामात. मळ्यावरची सगळी वस्ती तिथेच. मधेच वारा एकदम पडला. वादळाचा डोळा बेटावरून जात होता. चार तरुण उठले, घराकडे नजर टाकून येतो म्हणाले. आजी दारात आडवी उभी राहिली. तिच्या आईनं तिला ब्याण्णवची गोष्ट सांगितलेली होती.

इंजिनीअर : अठराशे ब्याण्णव.

गुरुजी : २९ एप्रिल. वादळांचे दिवस सरले असं धरून लोक निर्धास्त होते. पोर्ट लुईवर डोळा आला तेव्हा त्यांना वाटलं सुटलो, म्हणून बाहेर पडले. मग उलट्या दिशेनं वारा आला. हजारावर माणसं गेली, राजधानीचा तिसरा हिस्सा पडला. आमच्या गोदामातलं एकही माणूस गेलं नाही ते आजीमुळे. आमचं हवामान खातं म्हणजे ती.

इंजिनीअर : हे मात्र खरं नाही हं. हवामानाच्या अभ्यासात तुमचं बेट आमच्या पुढे होतं. इथली हवामान संस्था १८५१ची, भारताचं हवामान खातं १८७५चं.

इथे ती एक जुनी गोष्ट सांगते, आणि ती मलाही आवडते. १८४५च्या फेब्रुवारीत ‘चार्ल्स हेडल’ नावाचं जहाज मॉरिशसजवळ वादळात सापडलं. कप्तानानं वाऱ्याबरोबर जहाज सोडून दिलं आणि पाच दिवस ते वादळाच्या मध्याभोवती गोल गोल फिरत राहिलं. कलकत्त्यातल्या हेन्री पिडिंग्टननं त्या जहाजाच्या नोंदवहीवरून दाखवून दिलं की हा वारा खरोखरच वर्तुळात फिरतो. पुढे चार्ल्स मेल्ड्रम या शिक्षकानं बंदरात येणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्या उतरवून घेण्याचं कामच हाती घेतलं. हा मेल्ड्रम आधी मुंबईच्या शिक्षण खात्यात होता आणि १८४८ साली तिथून मॉरिशसच्या रॉयल कॉलेजात आला. पाम्पलेमूसची वेधशाळा त्याच्याच खटपटीनं उभी राहिली. कप्तानांच्या हस्ताक्षरातून वादळाचा मार्ग काढणारा हा माणूस मराठी वाचकाला ठाऊक नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

गुरुजींना मेल्ड्रमशी कर्तव्य नाही.

गुरुजी : वेधशाळा होती, तरी ब्याण्णवला माणसं मेलीच ना? वादळ येतंय हे कळून काय करायचं, लपायला घर नको? कॅरोलमध्ये बेचाळीस माणसं गेली. मेले थोडे, पण बेघर झालेल्यांची मोजदाद करायला महिने लागले. ऊस तर निम्म्याहून जास्त आडवा. एकोणसाठ साली पावणेसहा लाख टनांच्या घरात साखर झाली होती, साठ साली अडीच लाख टनसुद्धा नाही.

इंजिनीअर : पण त्या उसाचा विमा होता.

गुरुजी : होता. १९४६ पासून उसाला वादळाचा आणि दुष्काळाचा विमा आहे. ऊस तोडणाऱ्याच्या झोपडीला नव्हता. आता कळलं सिमेंट कुठून आलं? सरकारनं वसाहती बांधल्या. त्यांतल्या कित्येक घरांत ॲस्बेस्टॉस घातलं, ते आजपर्यंत निस्तरताहेत. माझे वडील सरकारसाठी थांबले नाहीत. दर हंगामाच्या पैशातून थोड्या विटा, थोडी सळई. स्लॅबच्या दिवशी सगळी आळी घमेली घेऊन आली, संध्याकाळी अंगणात पंगत. पंचाहत्तरला जेर्वेज आलं. झोत ताशी २८० किलोमीटर, कॅरोलपेक्षा जास्त. आम्ही आत कॅरम खेळत होतो. सगळ्या बेटावर मेलेली माणसं दहाच्या आसपास. हा फरक कोणी पाडला, तूच सांग.

पंधरा वर्षांत पडलेला हा फरक एकट्या सिमेंटचा नाही, एवढं मला मध्ये घालायलाच हवं. रेडिओ घरोघर पोचला होता आणि इशाऱ्यांची शिस्त लोकांच्या अंगवळणी पडली होती. ही शिस्त मॉरिशसच्या बाहेरच्या माणसाला चकित करते. इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. वर्ग १ म्हणजे वादळ दूर आहे, पण लक्ष ठेवा. वर्ग २ अशा बेतानं लागतो की ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू होण्याआधी लोकांना उजेडाचे बारा तास मिळावेत, वर्ग ३ला उजेडाचे सहा तास. प्रत्यक्ष तसा झोत नोंदला गेला की वर्ग ४. पूर्वी सरकारी इमारतींवर वर्गागणिक लाल बावटे चढत. लहान पोरालाही हे पाठ असतं. वर्ग २ लागला की दुकानांत पाव, मेणबत्त्या आणि टिनमधल्या सार्डिनसाठी रांगा. वर्ग ३ला कामं थांबतात, बस बंद होतात, खिडक्यांवर फळ्या ठोकल्या जातात.

आणि नेमक्या याच शिस्तीवर इंजिनीअरबाईंचा आक्षेप आहे.

इंजिनीअर : पंचाहत्तरपर्यंतचा हिशेब तुमच्या बाजूनं लिहून टाकते. पुढचा घ्या. ३० मार्च २०१३. पोर्ट लुईत दोन तासांच्या आत दीडशे मिलिमीटर पाऊस. अकरा माणसं गेली. बहुतेक कुठे गेली? कोदाँजवळच्या पादचाऱ्यांच्या भुयारात आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये. सगळं काँक्रीटचं, एक नंबर मजबूत बांधकाम.

गुरुजी : त्या दिवशी वादळ नव्हतंच. नुसता पाऊस होता.

इंजिनीअर : वादळ नव्हतं म्हणून वर्ग नव्हता, वर्ग नव्हता म्हणून लोक बाजारात होते. मला तेच म्हणायचंय. तुमचे चारही वर्ग १२० किलोमीटरच्या झोतावर बेतलेले. पाण्याला वर्गच नाही.

गुरुजी : नाही कसा? मुसळधार पावसाचे इशारे आहेत की. बारा तासांत शंभर मिलिमीटर पडला की शाळा बंद ठेवतात.

इंजिनीअर : आणि ते शंभर पाऊण तासात पडले तर? बरं, वादळच हवं असेल तर बेलाल घ्या. १५ जानेवारी २०२४. सकाळी लोक कामावर गेले. दुपारी पोर्ट लुईत गाड्या एकमेकींवर चढलेल्या आणि माणसं टपावर बसलेली. इशारा वेळेत वाढवला नाही म्हणून एवढा गहजब झाला की हवामान सेवेच्या संचालकांनी राजीनामा दिला. मला त्या माणसाची दया येते. सगळं खातं वाऱ्याकडे डोळे लावून बसलेलं, आणि शहरात शिरलं पाणी.

गुरुजी : गटारं साफ नव्हती.

इंजिनीअर : गुरुजी, गटारावर ढकलू नका. पोर्ट लुईच्या मागे डोंगराची भिंत आहे. त्यावर पडलेला थेंब अर्ध्या-पाऊण तासात बंदरात पोचतो. डोंगरावरून उतरणारा पूसचा ओढा शहरात शिरल्यावर भिंतींच्या चिमट्यात वाहतो, आणि पुढे तर रस्त्यांच्या खालून. त्याच्या काठावर पूर्वी माती होती, आज पार्किंग आहे. मधल्या पठारावर, तुमच्या वाक्वा-क्यूरपीपकडे, किनाऱ्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. तो चहूबाजूंनी उतारानं खाली येतो. वाटेत उसाचे मळे होते तोवर निदान काही पाणी मुरत होतं. ऐंशीच्या दशकात पंचाहत्तर-ऐंशी हजार हेक्टर ऊस होता. आज त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. उरलेल्या जमिनीवर काय आलं?

गुरुजी : मॉर्सेलमाँ.

मॉर्सेलमाँ म्हणजे मळ्याचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट. युरोपनं मॉरिशसची साखर ठरलेल्या चढ्या भावानं घेण्याचा करार २००९मध्ये संपला, त्यानंतर ऊस लावण्यापेक्षा जमीन विकणं परवडू लागलं. मळेवाल्या कंपन्यांनी वसाहती काढल्या, परदेशी पाहुण्यांसाठी बंगले काढले. उत्तरेला ग्रां बेच्या बाजूला पाणथळ जागांत भराव पडले. २०१७ साली निचऱ्यासाठी वेगळं प्राधिकरण कायद्यानं स्थापन झालं. म्हणजे तोपर्यंत बेटावरचं पाणी कोणाच्याच अखत्यारीत एकत्र नव्हतं.

उसाचं नाव निघालं की गुरुजी हमखास आडवाटेला लागतात, आणि त्यांना थांबवू नये.

गुरुजी : ऊस इथे का आला माहीत आहे? फ्रेंचांनी कॉफी लावून पाहिली, मसाल्याची झाडं लावून पाहिली. वादळात झाड मोडलं की पाच-सात वर्षं गेली. ऊस आडवा होतो, पण खोडवा परत फुटतो. म्हणून सगळं बेट उसाचं झालं. उसाला माणसं लागली. गुलामी उठण्याच्या सुमाराला, १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये आणले, त्यांत मुंबई बंदरातून रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं आली. तेव्हा वादळ नसतं तर मी आज राजापूरकडे आंबे मोजत बसलो असतो.

(राजापूरला आंबे मोजणं वाईट नाही, असं मला म्हणायचं होतं. शिवाय ऊस वाढायला वादळापेक्षा मोठं कारण घडलं ते १८२५ साली. ब्रिटिशांनी मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडिजच्या बरोबरीला आणली आणि मळे दुणावत गेले. पण गुरुजींच्या गोष्टीत जकातीला जागा नाही.)

इंजिनीअर : म्हणजे वाऱ्यात टिकतो म्हणून ऊस लावला, आणि तो पाणीही जिरवत होता हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. आता ऊस काढून प्लॉट पाडले. घरं वाऱ्यात टिकतात, पाण्याचं काय होतं ते खालच्या गावानं बघायचं.

गुरुजी : तू वाऱ्याला सुट्टी दिलीस, पोरी. डिसेंबर २०२४ विसरलीस? चिडो वादळ आमच्याच अगालेगावर गेलं. इथून हजारएक किलोमीटर उत्तरेला, पण देश आमचाच. छपरं उडाली, झाडं भुईसपाट. तीन दिवसांनी तेच मायोतवर गेलं. डोंगरउतारावर पत्र्याच्या झोपड्यांची शहरं होती तिथे. उरलं काय? मेलेल्यांचा सरकारी आकडाच चाळीसच्या आसपास, आणि बेपत्ता वेगळे. फ्रान्ससारख्या श्रीमंत देशाचा भाग आहे हं तो. तिथे पत्र्याऐवजी आमच्यासारखे स्लॅब असते तर?

इंजिनीअर : तर माणसं वाचली असती. हे मी कधी नाकारलं?

गुरुजी : बोलताना नाकारत नाहीस, पण तुझ्या वयाच्या सगळ्यांनी मनातून नाकारलंय. १९९४ला होलांडा झालं, २००२ला दिना. दिना तर बाजूनं गेलं, तरी डोंगरमाथ्यावर ताशी सव्वादोनशेच्या वर झोत. त्यानंतर? वीस-बावीस वर्षांत थेट डोक्यावरून तसं एकही गेलं नाही. आता बंगल्यांना छतापासून जमिनीपर्यंत काच लावतात, सरकत्या ॲल्युमिनियमच्या दारांत. माझा नातू म्हणतो, आजोबा, समुद्र दिसायला हवा. कॅरोल आलं की समुद्र दिवाणखान्यात दिसेल.

या मुद्द्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि माझ्या मते राहायलाच हवं होतं. दक्षिण-पश्चिम हिंदी महासागरात वादळांची संख्या वाढल्याचं दिसत नाही. पण समुद्र तापतो आहे, आणि जी वादळं होतात त्यांतली जोरदार जास्त, एका दिवसात बळावणारी जास्त, असा अभ्यासकांचा कल आहे. अशा वेळी वाऱ्याची धास्ती सैल पडणं परवडणारं नाही. मात्र तिचं उत्तर मला गुरुजींच्या काचेपेक्षा पुढचं वाटलं.

इंजिनीअर : कॅरोल परत येईल, मान्य. आलं की आधी काय येईल? वाऱ्याच्या पुढे कित्येक तास पाऊस येईल. पठारावर दिवसभरात चारशे-पाचशे मिलिमीटर. साठ सालच्या बेटावर सहा-साडेसहा लाख माणसं आणि सगळीकडे ऊस होता. आज बारा लाखांच्या वर माणसं आणि अंगणापर्यंत सिमेंट. तुम्ही वर्ग ४ला दारं लावून आत बसाल, छप्पर डोक्यावर राहील, आणि पाणी उंबऱ्यावरून आत येईल. तेव्हा बाहेर वारा, आत पाणी. कुठे जाणार? निवारा केंद्रंसुद्धा वारा डोळ्यासमोर ठेवून निवडलेली असली तर? इमारत भक्कम आहे एवढं पाहून भागत नाही, ती ओढ्याच्या पोटात तर नाही ना हेही बघायला नको?

गुरुजी : म्हणजे शिस्त मोडून टाकायची?

इंजिनीअर : शिस्त तशीच ठेवा. वर्ग लावताना वाऱ्याबरोबर पाऊसही मोजा. कोणत्या आळीत पाणी आधी चढतं ते आळीला ठाऊक असतं. त्या आळीला वेगळा इशारा द्या. सगळ्या बेटाला एकच वर्ग कशाला? क्यूरपीपला पाच तास कोसळत असतो तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर ऊन असतं.

गुरुजी : (हसून) हे खरं आहे. वाक्वात छत्री, फ्लिक-आं-फ्लाकला टोपी. पण तुला एक सांगू? आम्ही वादळाची वाटही बघतो. मार ओ वाक्वाचा तलाव इथला सगळ्यात मोठा. त्यात पाणी कोण आणतं? दूरवरून जाणारं लहानसं वादळ. ९९ साली आलंच नाही तसलं काही. दुष्काळ पडला, साखर पावणेचार लाख टनांवर आली. म्हणजे कॅरोलनंतर त्या शतकातली सगळ्यात वाईट वर्षं मोजायला बसलीस, तर त्यात न आलेल्या वादळाचं वर्ष निघेल.

इंजिनीअर : गुरुजी, हे तर माझ्याच बाजूनं बोललात. पुरात तुमच्या शहरातून एका दुपारी समुद्रात जातं ते पाणी, आणि डिसेंबरमध्ये तुम्ही नळाला तास मोजून घेता तेही पाणीच. धरून ठेवायला जागा ठेवली नाही म्हणून दोन्ही. सुरुवात अंगणापासून करा. ते सगळं सिमेंट कशाला?

गुरुजी : मुलाच्या दोन गाड्या उभ्या राहतात.

इंजिनीअर : चाकांपुरत्या दोन पट्ट्या ठेवा, मधलं फोडा.

गुरुजी : चिखल होतो. आमच्या हिला चिखल चालत नाही.

इंजिनीअर : मग निदान छपराचं पाणी अडवा. एवढा मोठा स्लॅब आहे. वर टाक्या ठेवा, पन्हळीला जोडा.

गुरुजी : आता सापडलीस! टाकी छपरावर? प्लॅस्टिकची टाकी वादळात पहिली उडते. जेर्वेजनंतर आमच्या आळीत कोणाची टाकी कोणाच्या घरात होती ते लागत नव्हतं.

इंजिनीअर : रिकामी उडते. हजार लिटर भरलेली असली की एक टन वजन.

गुरुजी : ते मला नको शिकवूस. वर्ग २ लागला की आम्ही टाकी काठोकाठ भरून ठेवतो, दोरानं बांधतो. लहानपणापासून करतोय.

इंजिनीअर : झालं तर मग. पावसानंच भरू द्या.

गुरुजी : आणि भरल्यावर? वरचं पाणी कुठे सोडायचं? अंगणात सोडलं तर पुन्हा तुझाच पूर.

इंजिनीअर : मागच्या केळीत सोडा.

गुरुजी : केळी शेजाऱ्याच्या हद्दीत येतात.

मग कागद आला, पेन आलं, घराचा नकाशा निघाला. केळी नेमक्या कोणाच्या हद्दीत येतात यावर गुरुजींच्या मुलाचं मत वेगळं होतं, आणि पाइप तीन इंची हवा की चार इंची यावर इंजिनीअरबाई कोणाचंच ऐकायला तयार नव्हत्या.